दातातले मुंगळे

आमच्या शेवगावच्या व्याह्यांनी आयुष्यात जे जे काही पारखलं, ते दातांनी पारखलं. डोळे त्यांना देवाने फक्त वाट बघायला आणि कान फक्त उपरण्याने झाकायला दिले असावेत, अशी माझी पक्की समजूत आहे. नवा दोर घ्यायचा झाला की त्याचा पीळ आधी दाताखाली. घर बांधायला काढलं तेव्हा गाडीवानाला रस्त्यातच उभं करून त्यांनी विटेचा कोपरा चावून बघितला आणि "नीट भाजली न्हाई" म्हणून अख्खी गाडी परत पाठवली. मिरची, हळकुंड, सुपारी या चावण्याच्याच वस्तू, त्यांचं सोडून द्या. पण मी एकदा हौसेने घेतलेलं नवं फाउंटन पेन त्यांना कौतुकाने दाखवायला गेलो, तर त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मी हां हां म्हणेपर्यंत टोपण दाताखाली धरलं. "माल बरा हाय," म्हणून परत दिलं. त्या टोपणावर त्यांच्या पसंतीची खूण शेवटपर्यंत राहिली. कचेरीत साहेबांसमोर सही करताना मी तेवढा भाग बोटाने झाकून धरत असे.

हे गृहस्थ म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे सासरे. व्याही खरं तर माझ्या वडिलांचे, पण आमच्या घरात लहानथोर सगळेच त्यांना पाठीमागे व्याही म्हणत आणि तोंडावर मामा. ते मला 'पाव्हणं' म्हणत. या शब्दात इतका मान असे, की त्यानंतर ते जे काही काम सांगत ते नाकारण्याची सोयच उरत नसे.

दादाचं लग्न जमलं तेही त्यांच्या दातामुळेच. आम्ही नगरला राहत होतो. वडील कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि मी त्याच कचेरीत चिकटलो होतो. मुलीकडची मंडळी घर बघायला आली. वडिलांनी दादाचं शिक्षण, त्याची पुण्यातली नोकरी, आमचं घराणं वगैरे सगळं घडाघडा सांगितलं. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "जरा पानी पिऊन येतो" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरले. आईच्या देखत त्यांनी ज्वारीच्या डब्यात हात घातला, तळाचा एक दाणा काढला आणि तोंडात टाकला. 'कट' असा आवाज बाहेरच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू आला. बाहेर येऊन ते म्हणाले, "पोरगी द्यायाला हरकत न्हाई. ह्या घरात दाना वाळवून ठिवत्यात." आईला या वाक्याचा एवढा अभिमान, की पुढे कुणी दादाच्या पगाराचा विषय काढला तर ती आधी ज्वारीचा विषय काढायची.

हा 'कट' म्हणजे शेवगावच्या भुसार बाजारातला शेवटचा शब्द होता. धान्य ओलं असेल तर वजनात जास्त भरतं आणि मग घेणाऱ्याच्या कोठीत बुरसतं. त्यामुळे विकणारा म्हणणार खडखडीत वाळलेलं आहे, घेणारा म्हणणार हाताला दमट लागतंय, आणि दोघेही आवाज चढवणार. हातघाईवर आलं की कुणीतरी ओरडायचं, "आरं, बोलवा त्यास्नी!" मग व्याही यायचे. खरं म्हणजे त्या बाजारात ना त्यांचं दुकान होतं ना त्यांची अडत. गावाबाहेर मळा होता, तिथली मालदांडी ज्वारी आणि तूर एवढाच त्यांचा बाजाराशी संबंध. पण त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालावा, तळाचा दाणा काढावा, डोळे मिटून दाताखाली धरावा आणि सगळ्यांनी श्वास रोखावा, असा तिथला रिवाजच पडून गेला होता. 'कट' वाजलं की ते डोळे उघडत. "वाळलाय" किंवा "वल्ला हाय, दोन उनं दावा," एवढंच बोलत. त्यावर कुणी अपील केल्याचं मला आठवत नाही. दुष्काळाच्या साली रेशनवर परदेशची तांबडी ज्वारी, मिलो, आली, तेव्हा तिचाही एक दाणा त्यांच्या दाताखाली गेला. त्या दिवशी निकाल द्यायला त्यांना फार वेळ लागला. शेवटी म्हणाले, "ह्यो दाना कुनाच्या वळकीचा न्हाई." आणि मग ती मिलो त्यांनी, सगळ्यांनी खाल्ली तशी, निमूटपणे खाल्ली.

दुसरी गोष्ट त्यांच्या हसण्याची. ते हसू लागले की मान मागे टाकत, तोंड सताड उघडत आणि समोरच्याला पडजिभेपर्यंत दर्शन घडवत. त्यांना हसायला विनोद लागत नसे. कोंबडी रस्ता चुकून घरात आली तरी ते हसत. मी नगरहून शेवगावला गेलो की एस.टी.तून उतरण्याआधीच मला ते हसू ऐकू येई, आणि प्रवासातल्या धक्क्यांनी आंबलेलं माझं अंग आपोआप सैल होई.

तर या उघड्या तोंडात, डावीकडे, एक सुळा आणि त्यामागचे दोन दात चांदीने भरलेले होते. झालं होतं असं, की पाथर्डीकडच्या कुणाच्यातरी पोत्यातून दाण्याऐवजी खडा तोंडात गेला आणि 'कट'ऐवजी भलताच आवाज झाला. दात चिरले, किडले, ठणकू लागले. शेवटी नगरच्या दातांच्या डॉक्टरांनी ते कोरून त्यांत चांदी भरली. उजवीकडच्या दाढा आधीच तंबाखूच्या स्वाधीन झालेल्या, त्यामुळे सगळा कारभार या डाव्या बाजूवर. चांदी भरून आल्यावर व्याही महिनाभर गावाला तोंड दाखवत हिंडले. "आता नानं वाजल्यावानी वाजतंय," म्हणायचे. बाजारानेही ठरवून टाकलं, की निकाल पहिल्यापेक्षा पक्का झाला. पण चांदी कसली ती. वर्षांमागून वर्षं गेली तशी ती काळी पडत गेली आणि दातांवर काळे ठिपके दिसू लागले. व्याह्यांना ते ठाऊकही नव्हतं. दाढी न्हावी करायचा, आणि आरशात बघणं त्यांना रिकामटेकडेपणाचं वाटे.

त्यांना ते कळलं मनूमुळे. मनू म्हणजे माझ्या दादाची मुलगी, त्यांची एकुलती एक नात. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या दिवाळीला वहिनी तिला घेऊन माहेरी निघाली आणि नगरपासून पोचवायला मी बरोबर गेलो. मनू तेव्हा चार वर्षांची. तान्हेपणी आजोबांकडे राहिली होती, पण आता समज आल्यावर त्यांना पहिल्यांदाच बघत होती. व्याही स्टँडवर सकाळपासून येऊन उभे. नात दिसताच त्यांनी दोन्ही हात पसरले, मान मागे टाकली आणि हसले. मनू त्यांच्या गुडघ्याएवढी. तिने खालून थेट त्या उघड्या तोंडात बघितलं.

"आई गं! आजोबांच्या दातात मुंगळे आहेत!"

आणि अशी किंकाळी फोडली, की कंडक्टरने घंटी मारायची थांबवली. ती आईच्या पदरात शिरली ती बाहेर यायला तयार होईना. वहिनीने समजावलं, विहीणबाईंनी करंजीचं आमिष दाखवलं, मी स्वतःच्या तोंडातली चांदी भरलेली दाढ दाखवली. त्याने तर जास्तच घोटाळा झाला. दिवाळीचे चारही दिवस ती आजोबांपासून खोलीभर अंतर ठेवून वावरली. व्याही तोंडापुढे उपरणं धरून बोलू लागले. भाऊबीजेच्या दिवशी एक कोंबडी थेट देवघरात गेली, सगळं घर हसलं. ते तेवढे ओठ मिटून बसले. ते बघून मला घास गोड लागेना. निघताना मनूने एस.टी.च्या खिडकीतून बैलाला टाटा केला, विहीणबाईंना केला आणि आजोबांकडे नजर गेल्याबरोबर पटकन हात आत घेतला.

मी खिडकीशी बसलो होतो. व्याही जवळ आले आणि उपरण्याआडून हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या नगरला म्हनं आता पांढरं भरत्यात. दातावानीच दिसतंय म्हनं. खरं हाय का?"

पंधरवड्याने ते नगरला हजर झाले आणि अर्थातच मला रजा काढावी लागली. दवाखाना तोच, फक्त खुर्चीमागे आता थोरल्या डॉक्टरांच्या जागी मुंबईला शिकून आलेला त्यांचा मुलगा उभा होता. थोरले डॉक्टर दाराशी वर्तमानपत्र वाचत बसले होते, पण त्यांचं सगळं लक्ष आत होतं. धाकट्या डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि म्हणाले, "चांदी काढून दातांच्या रंगाचं भरता येईल. दिसायला छान दिसेल. पण एक सांगून ठेवतो, हे नाजूक काम आहे. कडक काही चावायचं नाही."

"म्हंजी?"

"सुपारी नाही, हरभरे नाहीत. भाकरीसुद्धा कालवणात भिजवून."

"आन जवारीचा दाना?"

"कोरडा दाणा? छे! एका दिवसात टवका उडेल."

"मंग बाजारात काय करायचं?"

"बाजारात काय करायचं असतं?" डॉक्टर म्हणाले. "बाजार करायचा."

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. या माणसाला काय सोडायला सांगितलं जातंय हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांनाच कळत होतं. मीच घाईने म्हटलं, "मामा, राहू द्या. पोर लहान आहे, मोठी झाली की विसरेल."

ते बराच वेळ बोटांनी उपरण्याचा काठ चाचपत राहिले. मग म्हणाले, "ती मोठी हुईस्तवर माजी मांडी ऱ्हातीय का? बसायचं तर आत्ताच बसंल. दातं काय, पडायचीच हायेत." एवढं बोलून त्यांनी कोपरीच्या खिशातून ज्वारीचा एक दाणा काढला, डोळे मिटले आणि डाव्या सुळ्याखाली धरला. 'कट.' डॉक्टर दचकले. "मळ्यातला हाय. वाळलाय," असा शेवटचा निकाल देऊन व्याही खुर्चीत जाऊन बसले.

इथून पुढे मात्र रडायचं ठरवूनही रडता येणार नाही असा प्रकार सुरू झाला. कोरायला सुरुवात करताच वीज गेली. डॉक्टरांनी कोपऱ्यातलं पायाने चालवायचं जुनं यंत्र ओढलं. कंपाउंडर जेवायला गेलेला, थोरले डॉक्टर रुसलेले; राहता राहिलो मी. मग मी शिलाईच्या मशीनवर बसल्यासारखा पाय मारतोय, धाकटे डॉक्टर कोरताहेत आणि दाराशी थोरल्या डॉक्टरांचं चाललंय, "काढ, माझी चांदी काढ! अजून जागची हलली नाहीये ती!" धाकटे म्हणाले, "बाबा, दिसायला वाईट दिसते." "दात काय दिसायला असतात?" थोरले गरजले. व्याह्यांना हा मुद्दा शंभर टक्के पटलेला त्यांच्या डोळ्यांत दिसत होता, पण तोंडात यंत्र असल्यामुळे ते मत देऊ शकत नव्हते. मध्ये चूळ भरायला सवड मिळाली तेव्हा एवढंच म्हणाले, "पाव्हणं, दमानं. मोट हाकताय का काय?" चांदी निघाली. कापसावर पडलेली ती काळी चुरी त्यांनी जवळ घेऊन निरखली. "ह्येच व्हय मुंगळे?" म्हणाले.

मग रंग ठरवायची वेळ आली. डॉक्टरांनी एक पट्टी काढली, तिच्यावर नमुन्याचे छोटे छोटे दात ओळीने लावलेले, पांढऱ्यापासून पिवळ्या-तपकिरीपर्यंत. ती बघताच व्याह्यांचा चेहरा उजळला. डॉक्टरांच्या हातातून पट्टी घेऊन ते सरळ खिडकीच्या उजेडात गेले. आयुष्यभर हेच तर केलं होतं. "ह्यो हायब्रीड," पहिल्या दातावर बोट ठेवून ते म्हणाले, "पांढरा दिसतोय, पन भाकर न्हाई चांगली हुत. ह्यो पावसात घावल्याला. ह्यो बरा हाय, पन पोचट. आन ह्यो... ह्यो बगा मालदांडी! असा मोत्यावानी पायजे. ह्योच भरा."

"काका, रंग आपण निवडायचा नसतो, जुळवायचा असतो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या बाकीच्या दातांचा रंग हा आहे." आणि त्यांनी पट्टीच्या अगदी शेवटच्या, तंबाखूच्या रंगाच्या दातावर बोट ठेवलं.

"ह्यो? ह्यो तर पेवात कुजल्याला माल हाय!"

डॉक्टरांनी नाना परीने समजावलं, मी समजावलं. पण मालाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलं होतं? शेवटी डॉक्टरांनी काचेवर पूड आणि औषध कालवलं आणि मालदांडीच्या रंगाचं भरून दिलं. मग हातात आरसा दिला. व्याह्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच आपलं तोंड नीट बघितलं असावं. पिवळ्याजर्द दातांच्या रांगेत ते तीन भाग चुना लावल्यासारखे पांढरेफेक चमकत होते. त्यांनी आरसा लांब धरला, जवळ धरला आणि प्रामाणिक माणसाच्या दुःखाने म्हणाले, "भेसळ झाली की, पाव्हणं."

त्यानंतर मी शेवगावला गेलो तो रब्बीची ज्वारी बाजारात येऊ लागली तेव्हा. बाजाराचा दिवस होता, म्हणून त्यांच्याबरोबर हिंडत होतो. मनात सारखी धाकधूक, कुणी बोलावलं तर हे काय करणार? आणि बोलावलंच. एक मिरजगावचा व्यापारी आणि एक शेतकरी एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होते. व्याही पुढे झाले. कोपरापर्यंत हात पोत्यात, तळाचा दाणा तोंडात, डोळे मिटलेले. मी मनात डॉक्टरांची क्षमा मागितली. 'कट!' खणखणीत. "वाळलाय," म्हणून त्यांनी दाणा थुंकला आणि दोघे मुकाट काट्याकडे गेले. तो दाणा माझ्या चपलेशी येऊन पडला होता. मी वाकून बघितलं तर तो अख्खा होता.

घरी परतताना ते सायकल हातात धरून चालत होते. मग आपणहूनच म्हणाले, "बगितलंत न्हवं? जिभंनं वाजिवतो टाळ्याला. महिनाभर गोठ्यात बसून शिकलो. म्हस बगायची माज्याकडं."

"पण निकाल तर बरोबर निघतो ना?"

"त्यो निगतोच. हात घातला की कळतंय. वल्ला दाना गार लागतो, वाळल्याला हातातनं पळतो. पन हाताचं कोन ऐकतंय? कट वाजलं की भांडान मिटतंय." थोडं चालून ते थांबले. "मी खोटं बोललो न्हाई, पाव्हणं. पन खोटं वाजिवलं."

त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. विहीणबाई मला म्हणाल्या, "इतकी वरसं तंबाकू सोडा, दातं घासा म्हनून कानीकपाळी वरडले, तर ऐकलं न्हाई. आता नातीपायी तोंड रंगवून आले, आन वर सुतक पाळत्यात." पुढच्या बाजारी सगळ्यांसमोर कबूल करायचं असं त्यांनी ठरवलं. मी त्यासाठी पुन्हा रजा काढली. साहेबांना कारण काय दिलं ते आता आठवत नाही. खरं दिलं नाही एवढं नक्की.

बाजार ऐन भरात असताना व्याही एका पोत्यावर चढले आणि पागोटं काढून हातात घेतलं. कुणीतरी गेलं असं वाटून बाजार एकदम शांत झाला. "मंडळी," ते म्हणाले, "माज्या दातात आता दम ऱ्हायला न्हाई. दिवाळीपास्नं मी दाना फोडत न्हाई. नुसती जीब वाजिवतो. तुमास्नी फशिवलं. आता तुमचं तुमी बगा."

मग एका म्हाताऱ्या हमालाने पाठीवरचं पोतं खाली टेकलं. "आमास्नी ठावं हाय की," तो म्हणाला.

"ठावं हाय? कवापास्नं?"

"पयल्याच बाजारापास्नं. तुमचा दाना आता अख्खा पडतोय, कोंबड्या टिपत्यात. आधी टिपत न्हवत्या."

"मंग बोलला का न्हाई?"

"बोलून काय करायचं? पुन्ना आपसात डोकी फोडायची? उतरा खाली. तिकडं तुरीवरनं जुपलीय, या वाजवा."

व्याही उतरले. गुन्हा माफ झाला होता, पण चेहरा पडलेलाच. वाटेत मला म्हणाले, "म्हंजी माज्या दाताला काय किंमतच न्हवती म्हना की!" मला हसू आवरेना. माझं बघून त्यांनाही आवरेना, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा त्यांनी मान मागे टाकून तोंड उघडलं. मालदांडी भर बाजारात चमकली.

आता वाट होती ती फक्त मनूची. मे महिन्यात वहिनी तिला घेऊन आली. मी नगरपासून सोबत होतोच. बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की मनूची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. केळं दिलं तरी डाव्या हाताने घेई. "काय आहे गं मुठीत?" विचारलं तर मान हलवून खिडकीबाहेर बघे. वहिनी नुसती हसत होती.

शेवगावच्या स्टँडवर बस वळली तेव्हा व्याही तोंड उघडूनच उभे होते. आयत्या वेळी उशीर नको, म्हणून त्यांनी हसायला आधीच सुरुवात केली असावी. भर उन्हात, पागोटं मागे सरकलेलं, नवे पांढरे दात पुढे काढून. मनू उतरली. या खेपेला ती पदरात शिरली नाही. सरळ चालत त्यांच्यापुढे गेली, मान वर केली आणि त्या तोंडात नीट निरखून बघितलं. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला.

"मुंगळे कुठे गेले?"

आणि तिने पुन्हा भोकाड पसरलं.

उलगडा वहिनीने केला. पोरीची भीती जावी म्हणून तिने दिवाळीपासून एक गोष्ट रचून सांगितली होती. आजोबांचे मुंगळे पाळलेले आहेत, ते चावत नाहीत, ते फक्त साखर खातात आणि आजोबांना सोडून कुठे जात नाहीत. मनूने ती बालवाडीत सगळ्यांना सांगितली होती. असे मुंगळे दुसऱ्या कुणाच्या आजोबांकडे नव्हते. आणि जिथे मळीच्या वासावरून साखर कारखाना किती लांब ते सांगता येतं, त्या आमच्या जिल्ह्यात ही पोर त्या मुंगळ्यांसाठी पुण्याहून मूठभर साखर घेऊन आली होती. घामाने तिचा चिकट गोळा झाला होता.

मी व्याह्यांकडे बघितलं. त्यांचं तोंड अजून तसंच उघडं होतं, पण त्यातलं हसू गेलं होतं. ज्या पोरीसाठी सुळा दिला, दाणा दिला, बाजारात पागोटं काढलं, ती पोर हातभर अंतरावर उभी राहून त्याच काळ्या ठिपक्यांसाठी रडत होती. मला त्या क्षणी त्या धाकट्या डॉक्टरांचा, वहिनीच्या गोष्टीचा आणि स्वतःच्या यंत्र चालवणाऱ्या पायांचाही भयंकर राग आला.

व्याह्यांनी तोंड मिटलं. आणि मिटल्या तोंडातून आवाज आला. 'कट.'

मनू रडायची थांबली.

"गेले न्हाईत, बाय," ते हळूच म्हणाले. "ऊन लई हाय न्हवं, म्हनून आत जाऊन बसल्यात. दानं फोडत्यात. आयक." पुन्हा 'कट.' मनूने डोळे पुसले. एक पाऊल पुढे आली. ते स्टँडच्या ओट्यावर बसले आणि गाल पुढे केला. तिने आपला कान त्यांच्या खरखरीत गालाला लावला. 'कट... कट कट.'

"किती आहेत?"

"लई हायेत. भुकेजल्यात."

मग ती त्यांच्या मांडीवर चढली, ऐसपैस बसली आणि मूठ उघडून त्यांच्या ओठांवर दाबली. व्याह्यांना गोडाचा जन्माचा तिटकारा. चहासुद्धा ते बिनसाखरेचा पीत. पण तो घामेजलेला गोळा त्यांनी जिभेवर घेतला आणि डोळे मिटले, अगदी दाणा पारखताना मिटत तसे. मी सामान उतरवून घेतलं, बस निघून गेली, वहिनी घरी जायची घाई करू लागली, तरी ते काही उठले नाहीत.

ते पांढरं भरण पुढे दोन-तीन वर्षांत निघून गेलं. पुन्हा भरायला ते आले नाहीत. हळूहळू दातही गेले. आम्ही हौसेने कवळी करून दिली, ती त्यांनी एकदा चावून बघितली, म्हणजे कशाने ते मला विचारू नका, आणि कोनाड्यात ठेवून दिली. बाजारात यंत्र आलं, दाणे टाकले की काटा ओल दाखवतो. व्याह्यांना बोलावणं येईनासं झालं. म्हातारा हमाल तेवढा घरावरून जाताना जीभ वाजवून जायचा. पण दर सुट्टीत मनू आली की तिची मूठ मिटलेली असायची. तिला मुंगळ्यांची गोष्ट खोटी आहे हे कधी कळलं, ते आम्हा कुणालाच समजलं नाही. तिने कळू दिलं नाही.

तिचं लग्न ठरलं तेव्हा ती आणि मी पत्रिका द्यायला शेवगावला गेलो. व्याही खाटेवर बसून होते. दिसत कमी होतं, ऐकू त्याहून कमी, आणि माणसं ओळखताना मध्येच वाट चुकत. मला त्यांनी दोनदा कुणी वेगळंच समजून रामराम घातला. विहीणबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या, "आवो, मनू आलीय, मनू! लगीन हाय तिचं!" ते नुसतं बघत राहिले. मला बघवेना. मी पत्रिकेवरचं कुंकू उगाच नीट करत बसलो.

मनू उठली. स्वयंपाकघरात जाऊन आली आणि त्यांच्यापुढे खाली बसून तिने मिटलेली मूठ त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी ती चाचपली. बराच वेळ तो हात हातात धरून ठेवला. मग साखर घेतली, तोंड मिटलं आणि गाल पुढे केला. मनूने कान लावला. त्या तोंडात आता एकही दात नव्हता.

मला काही ऐकू आलं नाही, पण मनूने मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

"आहेत," ती आम्हाला म्हणाली. "आहेत अजून आत."